डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर तापतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरे घरात किंवा कचेरीत वापरल्या जाणाऱ्या साध्या डेस्कटॉप संगणकांना धरून लिहिली आहेत. लॅपटॉपची रचना वेगळी असल्यामुळे ती त्यांना जशीच्या तशी लागू होणार नाहीत. प्रोसेसर तापतो आहे असे लक्षात आले की बहुतेक जण आधी नवा कूलर (प्रोसेसरवर बसणारा हीटसिंक, म्हणजे पात्यांचा धातूचा ठोकळा, आणि त्याचा पंखा) शोधू लागतात. वास्तविक प्रोसेसरपासून खोलीतल्या हवेपर्यंतच्या वाटेत उष्णता नेमकी कुठे अडते आहे, हे आधी शोधले पाहिजे, कारण बरेचदा ती अडचण एक रुपयाही खर्च न करता किंवा फार तर थर्मल पेस्टच्या (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मध्ये लावायच्या लेपाच्या) एका ट्यूबच्या किमतीत सुटते.

प्रश्न: प्रोसेसरचे तापमान किती झाले म्हणजे ते जास्त समजावे?

सर्व प्रोसेसरना लागू होईल असा एकच आकडा नाही. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सियस आहे. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत ती मॉडेलनुसार ९० किंवा ९५ अंश असते, तर रायझन ७००० मालिकेतील बहुतेक मॉडेलना ९५ अंश आणि रायझन ७ ७८००एक्स३डी या मॉडेलला ८९ अंश अशी ती आहे. २०२२ मध्ये रायझन ७००० मालिका बाजारात आली तेव्हा पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालत राहणे हे तिच्या रचनेतच गृहीत धरले आहे, असे एएमडीने स्पष्ट केले होते. म्हणून रायझन ९ ७९५०एक्सवर व्हिडिओचे रेंडरिंग चालू असताना ९५ अंश दिसले तर त्यात दोष नाही; पण कोअर आय-५ १२४०० असलेल्या संगणकावर नुसते पत्र टाइप करताना तोच आकडा दिसला, तर काहीतरी नक्की बिघडले आहे.

ढोबळ मानाने, संगणक रिकामा असताना प्रोसेसर खोलीपेक्षा १० ते २० अंशांनी गरम असावा, खेळ किंवा फोटो-संपादन चालू असताना ६० ते ८० अंशांच्या दरम्यान असावा, आणि मर्यादेला फक्त मुद्दाम दिलेल्या जड भाराखालीच टेकावा.

प्रश्न: तापमान मोजायचे कशाने? बायोसमधला (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधला) आकडा खरा की सॉफ्टवेअरमधला?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते, प्रोसेसरचे मात्र दिसत नाही. त्यामुळे एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे लागते. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हे पॅकेज पुरेसे होते. बायोसमध्ये वीजबचतीच्या सोयी पूर्णपणे चालू नसल्यामुळे तिथला आकडा रिकाम्या विंडोजपेक्षा बरेचदा जास्त दिसतो. दोन्ही आकडे आपापल्या स्थितीत खरे असतात, पण निदानासाठी सॉफ्टवेअरमधली नोंद अधिक उपयोगी पडते, कारण ती वेळेनुसार पाहता येते.

सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या प्रत्येक रकान्यावर विश्वास ठेवू नये. मदरबोर्डवरील एखाद्या न जोडलेल्या सेन्सरचा आकडा कायम १२७ अंश दाखवत राहतो आणि तो पाहून लोक घाबरतात. पाहायचे ते प्रोसेसरच्या पॅकेजचे (म्हणजे संपूर्ण चिपचे) आणि प्रत्येक कोअरचे (चिपमधल्या प्रत्येक स्वतंत्र गणना-भागाचे) तापमान. त्याच्या शेजारीच प्रोसेसर किती वॅट वीज घेतो आहे याचा रकाना असतो. तोही अवश्य पाहावा, कारण वॅट ठाऊक नसतील तर अंशांवरून काहीच ठरवता येत नाही.

प्रश्न: नेमका दोष कुठे आहे हे कूलर न काढता ओळखता येईल का?

बऱ्याच अंशी येईल. त्यासाठी तापमान किती चढले यापेक्षा ते किती वेगाने चढले याकडे लक्ष द्यावे. सिनेबेंचसारखी एखादी भार देणारी चाचणी दहा-पंधरा मिनिटे चालवावी आणि तापमानाचा आलेख समोर ठेवावा.

चाचणी सुरू होताच दोन-तीन सेकंदांत तापमान ४५ वरून थेट मर्यादेला भिडले, चाचणी थांबवताच तितक्याच झटक्यात खाली आले, आणि एवढ्या वेळात हीटसिंकला बोट लावून पाहिल्यास तो जवळजवळ थंडच लागला, तर उष्णता प्रोसेसरमधून हीटसिंकमध्ये पोहोचतच नाही असे समजावे. हीटसिंक सैल बसला आहे, थर्मल पेस्ट वाळली आहे, किंवा नवा कूलर बसवताना त्याच्या तळाचे पारदर्शक प्लास्टिक काढायचे राहून गेले आहे. हा शेवटचा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. काही कोअर इतरांपेक्षा १५-२० अंशांनी गरम दिसत असतील, तर हीटसिंक एका बाजूला कलून बसल्याची शक्यता वाढते.

याउलट तापमान हळूहळू, दहा मिनिटे सतत चढत राहिले आणि हीटसिंकही हात लाववणार नाही इतका तापला, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांचा संपर्क ठीक आहे. पुढे हवा ती उष्णता वाहून नेत नाही. अशा वेळी धूळ, मंद झालेला पंखा किंवा कॅबिनेटमध्ये कोंडलेली हवा यांपैकी काहीतरी शोधावे. बाजूचे झाकण काढून तीच चाचणी पुन्हा करावी. तापमान पाच अंशांहून अधिक उतरले, तर दोष कूलरचा नसून कॅबिनेटमधल्या हवेच्या वाटेचा आहे.

इथे वॅटचा रकाना कामी येतो. प्रोसेसर २०० वॅट घेत असेल आणि मध्यम प्रतीच्या कूलरवर ९५ अंश दाखवत असेल, तर ते गणिताला धरूनच आहे. ६० वॅट घेताना ९५ अंश दाखवत असेल, तर संपर्कात खोट आहे. तसेच नव्या प्रोसेसरची चिप आकाराने लहान असल्यामुळे भार पडताच २०-२५ अंशांची उडी दिसणे स्वाभाविक असते. रिकाम्या अवस्थेत ४० आणि ६० अंशांच्या मध्ये आकडा सतत खालीवर होणे हेही टर्बोचे, म्हणजे गरजेनुसार वेग तात्पुरता वाढवण्याच्या सोयीचे, काम आहे, आजार नव्हे. त्या चढउतारांबरोबर पंख्याचा आवाज वाढत-घटत राहून त्रास होत असेल, तर बायोसमध्ये पंख्याचा वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असते, ती वापरावी.

प्रश्न: इंटेलच्या प्रोसेसरबरोबर आलेला पंखा पुन्हा पुन्हा सैल होतो. असे का?

त्या पंख्याच्या चार कोपऱ्यांवर प्लास्टिकच्या दाबपिना असतात आणि त्या मदरबोर्डच्या छिद्रांत दाबून बसवायच्या असतात. या रचनेत स्क्रू नसल्याने बसवणे सोपे वाटते, पण प्रत्यक्षात तापणाऱ्या संगणकांची सर्वाधिक प्रकरणे इथेच सापडतात, असे आमचे मत आहे. चारपैकी एक पीन अर्धवट बसली तरी त्या कोपऱ्यावर हीटसिंक उचललेला राहतो, आणि वरून पाहणाऱ्याला मात्र सगळे व्यवस्थित दिसते.

बसवताना प्रत्येक पिनेची काळी टोपी आधी बाणाच्या उलट दिशेने पूर्ण फिरवून घ्यावी, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन पिना एकत्र, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत खाली दाबाव्यात आणि त्यानंतर उरलेल्या दोन. खात्री करण्याचा एकच भरवशाचा मार्ग म्हणजे मदरबोर्डच्या मागून पाहणे: प्रत्येक छिद्रातून पांढरे पाय बाहेर येऊन फाकलेले दिसले पाहिजेत आणि त्यांच्या मधोमध काळी पीन उतरलेली दिसली पाहिजे. म्हणूनच पहिल्या वेळी मदरबोर्ड कॅबिनेटच्या बाहेर ठेवून पंखा बसवणे बरे. कॅबिनेटमध्ये बसवलेला बोर्ड दाबाखाली वाकतो आणि पीन बसली असा भास होतो. एकदा पाय तुटले किंवा पिना वारंवार काढून ढिल्या पडल्या, तर त्यांना दोऱ्याने किंवा डिंकाने धरून ठेवण्याचा खटाटोप न करता पिनांचा संच बदलावा, किंवा मागे पट्टी लावून स्क्रूने बसणारा कूलर घ्यावा.

जुना कूलर नव्या बोर्डवर वापरणाऱ्यांनी छिद्रांमधले अंतर तपासावे. एलजीए ११५१ आणि १२०० या सॉकेटांसाठी (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) ते ७५ मिलिमीटर होते, तर बाराव्या पिढीपासून आलेल्या एलजीए १७०० साठी ते ७८ मिलिमीटर झाले. तीन मिलिमीटरचा फरक ओढूनताणून भरून काढता येतो खरा, पण मग हीटसिंकचा दाब सारखा राहत नाही.

प्रश्न: थर्मल पेस्ट किती, कोणती आणि कधी बदलावी?

पेस्टचे काम धातूच्या दोन पृष्ठभागांमधल्या सूक्ष्म खाचखळग्यांतील हवा बाहेर ढकलण्याचे आहे. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन इतकीच असते, तांब्याची सुमारे ४००, आणि बाजारातल्या पेस्टची वेष्टनावर साधारण ४ ते १२ च्या दरम्यान छापलेली असते. पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगली आणि तांब्यापेक्षा कितीतरी वाईट आहे, हे लक्षात घेतले की थर जाड देण्यात काही अर्थ नाही हे आपोआप कळते. मध्यभागी मटाराच्या लहान दाण्याएवढा थेंब पुरतो. हीटसिंकच्या दाबाने तो स्वतःच पसरतो. किंचित जास्त झाली तर फारसे बिघडत नाही, कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात.

महाग आणि साध्या पेस्टमध्ये बहुतेक घरगुती संगणकांवर दोन-चार अंशांचाच फरक पडतो. विश्वासू कंपनीची मधल्या किमतीची पेस्ट घ्यावी आणि पैसे वाचवावेत. टूथपेस्ट लावण्याचे प्रयोग करू नयेत. त्यातले पाणी काही दिवसांत उडून जाते आणि मागे कोरडी भुकटी उरते.

हीटसिंक एकदा काढला की जुनी पेस्ट पुसून नवी लावलीच पाहिजे. जुनीच पुन्हा दाबून चालत नाही. पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड वापरावे. हीटसिंक काढायचा नसेल तर मुद्दाम वर्षाला पेस्ट बदलण्याचे कारण नाही. त्याच भाराखाली, त्याच ऋतूत तापमान गेल्या वर्षीपेक्षा आठ-दहा अंशांनी वाढले असेल आणि धूळ काढूनही उतरत नसेल, तर बदलावी.

एएम४ सॉकेट असलेल्या एएमडीच्या संगणकांत एक धोका आहे. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर हीटसिंकला चिकटतो आणि हीटसिंक सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट उपटून येतो. काढण्याआधी संगणक दहा मिनिटे भाराखाली चालवून पेस्ट ऊबदार करावी, मग संगणक बंद करून वीज काढावी आणि हीटसिंक हलकेच डावीउजवीकडे पिळत सोडवावा.

प्रश्न: धूळ काढण्याची योग्य पद्धत कोणती?

वीज पूर्ण काढून, शक्यतो गच्चीत किंवा गॅलरीत, ब्लोअरने. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण भरधाव फिरवलेला पंखा बेअरिंग तर खराब करतोच, शिवाय उलट वीजही निर्माण करतो. घरचा व्हॅक्युम क्लीनर आत घालू नये. त्याच्या प्लास्टिकच्या नळीवर स्थिर विद्युतभार साठतो. ओले फडके तर अजिबात नको.

वरवर पाहून हीटसिंक स्वच्छ आहे असा निष्कर्ष काढू नये. धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा थर पंखा आणि हीटसिंकच्या पात्या यांच्या मधल्या फटीत, नमद्यासारखा दाट, जमतो, आणि पंखा सोडवून बाजूला केल्याशिवाय तो दिसत नाही. कोकणात आणि मुंबईत खारट दमट हवेमुळे हा थर चिकट होतो आणि ब्लोअरने निघत नाही. तिथे कोरडा मऊ ब्रश लागतो.

प्रश्न: उन्हाळ्यात तापमान वाढते. नवा कूलर घ्यावा का?

हवेवर चालणारा असो वा पाण्यावर, कोणताही साधा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीचे तापमान जितके चढते, जवळजवळ तितकेच प्रोसेसरचेही चढते. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ७२ अंशांवर चालणारा संगणक मे महिन्यात नागपूर, अकोला किंवा चंद्रपूरच्या ४० अंशांच्या खोलीत ८७ दाखवील, आणि त्यात कूलरचा काही दोष नाही. हिवाळ्यातला फरक ४७ अंश होता आणि उन्हाळ्यातही ४७ च असेल, तर सगळे जागच्या जागी आहे. फरक वाढला असेल तरच पुढे शोधावे. दोन्ही ऋतूंतले आकडे कुठेतरी लिहून ठेवणे यासाठी फायद्याचे ठरते.

विदर्भात खिडकीला पाण्याचा कूलर लावलेल्या खोलीत संगणक असतो. त्या हवेने खोली खरोखर थंड होते आणि प्रोसेसरलाही लाभ होतो, पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. त्याबरोबर उडणारे पाण्याचे बारीक थेंब आणि क्षार आत जाऊन बसतात.

प्रश्न: कॅबिनेटचे झाकण कायमचे उघडे ठेवले तर?

चाचणीपुरते ठेवावे, कायमचे नाही. धूळ दुपटीने बसते, लहान मुलांची बोटे पोहोचतात, आणि पाल आत शिरून पॉवर सप्लायमध्ये मेल्याने झालेले नुकसान दुरुस्तीवाल्यांना चांगले परिचित आहे. हवा समोरून आत आणि मागून-वरून बाहेर, एवढे साधले की पुरे. समोर एक-दोन आणि मागे एक पंखा एवढ्यावर बहुतेकांचे भागते. दिसायला आकर्षक म्हणून विकल्या जाणाऱ्या, समोर अखंड काच असलेल्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिव्यांचे तीन पंखे असूनही त्यांना ओढायला हवाच मिळत नाही. तीच गत फर्निचरवाल्याकडून बनवून घेतलेल्या संगणक-टेबलाच्या बंद कप्प्याची. असा कप्पा असेल तर त्याची मागची फळी कापून काढावी किंवा कॅबिनेट बाहेर ठेवावे.

प्रश्न: सगळे ठीक असूनही तापमान जास्त आहे. आणखी काय करता येईल?

प्रोसेसरला मिळणारी वीजच कमी करता येते, आणि आमच्या मते हा सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. खोक्यावर छापलेले वॅट हे प्रत्यक्ष वापराचे वॅट नसतात. कोअर आय-५ १२४०० चा मूळ आकडा ६५ वॅट असला तरी टर्बोमध्ये तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. कोअर आय-९ १३९००के बाबतीत हेच आकडे १२५ आणि २५३ आहेत. एएमडीकडे १७० वॅटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर सॉकेटमधून २३० वॅटपर्यंत घेतो. त्यात भर म्हणजे अनेक मदरबोर्डांवर कारखान्यातूनच ही मर्यादा सैल ठेवलेली असते, कारण त्यामुळे चाचण्यांत बोर्ड वेगवान दिसतो.

चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या सरळ प्रमाणात, पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ मिळवण्यासाठी दाब बराच वाढवावा लागतो. म्हणून वरची मर्यादा थोडी छाटली की वेगात किरकोळ घट होते आणि उष्णतेत मोठी. इंटेलच्या संगणकावर बायोसमध्ये दीर्घकालीन आणि अल्पकालीन वीजमर्यादा इंटेलने सांगितलेल्या आकड्यांवर किंवा त्याखाली आणाव्यात. रायझनवर इको मोड (प्रोसेसरची वीजमर्यादा खाली आणणारी सोय) चालू करावा. १०५ वॅटच्या प्रोसेसरला ६५ वॅटच्या गटात आणले की एएम५ वर (रायझन ७००० मालिकेच्या सॉकेटवर) त्याची कमाल मर्यादा १४२ वरून ८८ वॅटवर येते. बायोसमध्ये शिरायला संकोच वाटत असेल, तर विंडोजच्या वीज-पर्यायांत प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के केल्याने बहुतेक संगणकांत टर्बो बंद होतो. उपाय धसमुसळा आहे, पण मे महिना काढायला चालतो.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरवर २०२४ मध्ये समोर आलेली अस्थिरता हा वेगळा विषय आहे. तिचे मूळ प्रोसेसरने गरजेपेक्षा जास्त विद्युतदाब मागण्यात होते आणि उपाय बायोसच्या अद्ययावत आवृत्तीतून देण्यात आला. शिवाय बाधित मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. असा प्रोसेसर असेल तर आधी बायोस अद्ययावत करावे. नुसता कूलर बदलून तो प्रश्न सुटत नाही.

प्रश्न: प्रोसेसरसाठी पाण्यावर चालणारा कूलर घेणे योग्य ठरेल का?

प्रोसेसर सतत २०० वॅटच्या आसपास घेत असेल तर विचार करावा. त्याखाली तांब्याच्या उष्णतानलिका असलेला चांगला उभा हीटसिंक तितकेच काम करतो, आणि त्यात बिघडण्यासारखा भाग म्हणजे फक्त पंखा. पाण्याच्या कूलरमध्ये पंप असतो आणि तो थांबल्याचे बाहेरून कळत नाही: रेडिएटर थंड, पंखे फिरताहेत आणि प्रोसेसर मर्यादेला टेकलेला, असे दृश्य दिसले तर पंप बंद आहे असे समजावे. बसवताना पंप संपूर्ण वळणातला सर्वांत उंच भाग होऊ देऊ नये, नाहीतर आतली हवा त्यातच जमते.

प्रश्न: जास्त तापून प्रोसेसर जळू शकतो का?

आजचा प्रोसेसर सहसा नाही. मर्यादेला पोहोचताच तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही तापमान वाढत राहिले तर संगणक तत्काळ बंद पाडतो. २००१ च्या सुमारास परिस्थिती निराळी होती: त्या वेळच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरवरून चालू असताना हीटसिंक निघाला तर तो काही सेकंदांत जळत असे, तर पेंटियम ४ त्याच प्रसंगी वेग कमी करून तग धरत असे. आज खरे नुकसान वेगाचे होते. संगणक संथ झाल्याची तक्रार घेऊन लोक रॅम वाढवतात आणि प्रोसेसर मात्र हीटसिंक सैल असल्यामुळे अर्ध्या वेगाने धावत असतो.

प्रश्न: संगणक मध्येच बंद पडतो, तो तापल्यामुळेच का?

तापमानाची नोंद चालू ठेवून पाहावे. बंद पडण्याआधी आकडा मर्यादेच्या जवळ नव्हता, तर संशय पॉवर सप्लायवर घ्यावा. विंडोजच्या नोंदवहीतील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद फक्त संगणक अचानक बंद झाला एवढेच सांगते, का झाला ते सांगत नाही.

प्रश्न: काहीही उघडलेले नसताना प्रोसेसर तापतो. कारण काय असावे?

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या वापरानुसार यादी लावून पाच मिनिटे थांबावे. अपडेट, अँटिव्हायरस किंवा फाइलींची अनुक्रमणी ही कारणे काही वेळाने आपोआप संपतात. कुणी न चालवलेला एखादा अनोळखी प्रोग्राम सतत मोठा वाटा घेत असेल, किंवा टास्क मॅनेजर उघडताच प्रोसेसर शांत होत असेल, तर चोरीचे सॉफ्टवेअर किंवा खेळ उतरवताना त्याबरोबर आलेला कूटचलनाचे खाणकाम करणारा प्रोग्राम असण्याची दाट शक्यता आहे.

प्रश्न: जुना कार्यालयीन संगणक विकत घेतला आहे. त्याचा पंखा बदलायचा असेल तर काय पाहावे?

बड्या कंपन्यांच्या कार्यालयीन डेस्कटॉपमध्ये पंख्याची जोडणी आणि हीटसिंकची छिद्रे नेहमीच्या मापाची असतातच असे नाही, आणि सुरू होताना आपल्या ओळखीचा पंखा सापडला नाही तर काही मॉडेल त्रुटीचा संदेश देऊन थांबतात. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाताना जुना पंखा सोबत न्यावा, जोडणीतील पिनांची संख्या मोजून दाखवावी आणि शक्य तर त्याच मॉडेलमधून काढलेला सुटा पंखा मागावा. हीटसिंकवर प्लास्टिकची नळकांडी किंवा झाकण असेल तर ते अडगळ म्हणून टाकून देऊ नये. एकाच पंख्याने प्रोसेसरही थंड करायचा आणि कॅबिनेटमधली हवाही बाहेर फेकायची, अशी त्या संगणकांची रचना असते आणि ते झाकण नसेल तर ती हवा पात्यांना टाळून बाजूने निघून जाते.